खानदेशातल्या भिल्लांची पलटण उभी करणारा साहेब आधी वाघाच्या अंगावर गेला होता

तोरणमाळला गेला असाल तर यशवंत तलाव पाहिला असेल, सीताखाईच्या कड्यावर उभं राहून फोटोही काढले असतील. हा सगळा सातपुडा दोनशे वर्षांपूर्वी खानदेश जिल्ह्यात मोडायचा आणि इथे इंग्रजांची डाळ शिजत नव्हती.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली, खानदेश कंपनीकडे आला. पण डोंगरातले भिल्ल नाईक काही ऐकेनात. फौजा पाठवून झाल्या, माणसं पकडून झाली. गोरे शिपाई लढाईआधी तापानेच आडवे व्हायचे. शेवटी मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टनने वेगळा डाव टाकला. भिल्लांनाच नोकरीत घ्यायचं, त्यांच्याच हातात बंदुका द्यायच्या.

हे काम आलं जेम्स आउट्रमकडे. जन्म १८०३, इंग्लंडच्या डर्बीशायरमधला. वडील लहानपणीच गेलेले. सोळाव्या वर्षी हा पोरगा हिंदुस्थानात आला तेव्हा अंगाने किरकोळ, तब्येतीने नाजूक. १८२५ मध्ये धरणगावला पोचला तेव्हा वय अवघं बावीस.

भरतीला कोणी येईना. येणार तरी कसे? साहेब एकत्र जमवून मारून टाकेल किंवा समुद्रापार धाडेल, अशी भीती होती, आणि आधीचा अनुभव बघता ती अगदीच खुळी नव्हती. मग आउट्रम पहारा न घेता पाड्यांवर जाऊ लागला, त्यांच्यासोबत शिकारीला निघू लागला.

त्या काळात खानदेशात वाघ म्हणजे रोजचं संकट. १८२२ च्या उन्हाळा-पावसाळ्यात तीन महिन्यांत जंगली जनावरांनी ५०० माणसं आणि २० हजार गुरं मारल्याची नोंद आहे.

आता बंदुकीचं समजून घ्या. सिनेमात दिसते ती खालची दांडी ओढली की पुढची गोळी तयार करणारी लिव्हर ॲक्शन रायफल तेव्हा जन्मालाच आली नव्हती. अमेरिकेत हेन्री रायफल आली १८६० मध्ये, विंचेस्टर त्याच्याही नंतर. आउट्रमच्या वेळी ठासणीची बंदूक. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, गोळी घालायची, गजाने ठासायची, मग नेम. बार चुकला तर पुन्हा भरेपर्यंत वाघ थांबत नाही. म्हणून साहेब लोक हत्तीवरून नाहीतर मचाणावरून शिकार करायचे.

१८२५ मध्ये आउट्रम खंडू नावाच्या भिल्ल शिकाऱ्याला घेऊन पायीच वाघामागे डोंगरावर गेला. बार चुकला. वाघाने झेप घातली आणि दोघं गुंतलेलेच उतारावरून गडगडत खाली आले. त्या अवस्थेत आउट्रमने पिस्तूल काढून वाघाला संपवलं. अंगावर नखांचे ओरखडे होते, त्याने ते हसण्यावारी नेले. ही गोष्ट पाड्यापाड्यांत पोचायला वेळ लागला नाही.

भरती वाढली. १८२६ मध्ये तो या नव्या शिपायांना मालेगावच्या छावणीत घेऊन गेला. तिथल्या उच्चवर्णीय शिपायांनी त्यांना पान देऊन बरोबरीने वागवलं. माझ्या मते वाघाइतकंच हे पानही महत्त्वाचं. १८२७ पर्यंत पलटण सहाशेच्या वर गेली.

या मैत्रीची किंमत जंगलाने मोजली. १८२५ ते १८३४ मध्ये आउट्रम आणि त्याच्या साथीदारांच्या नावावर १९१ वाघ आहेत.

१८३५ मध्ये त्याने खानदेश सोडला. पुढे अफगाण युद्ध, सिंध, इराण. १८५७ मध्ये लखनऊला वरिष्ठ असूनही त्याने हॅवलॉककडे नेतृत्व राहू दिलं, हे इंग्रज फार कौतुकाने सांगतात.

इकडे सातपुड्यात खाजा नाईक आणि भीमा नाईक यांनी बंड पुकारलं. खाजा नाईक तर स्वतः सेंधव्याच्या घाटावर कंपनीचा राखणदार होता. ११ एप्रिल १८५८ ला अंबापाणीला लढाई झाली, तेव्हा इंग्रजांच्या बाजूने लढायला आउट्रमची भिल्ल पलटणही होती.

आउट्रम १८६३ मध्ये फ्रान्समध्ये वारला, त्याला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरलं. खानदेशातल्या त्याच्या काही जुन्या शिपायांना म्हणे एक लहानशी ओबडधोबड मूर्ती सापडली होती. तिचा चेहरा आउट्रम साहेबासारखा वाटला, म्हणून ते तिची पूजा करायचे.