क्रांतिसिंह नाना पाटील: तलाठ्याची नोकरी सोडून गावागावांत ‘प्रतिसरकार’ उभं करणारा नेता

इंग्रजांची सत्ता असताना सातारा जिल्ह्यातल्या गावांनी स्वतःचं सरकार चालवलं, हे आपण शाळेत शिकतो. पण ते सरकार नेमकं काय काम करायचं? आणि त्यामागचे नाना पाटील कोण होते? समजून घेऊया.

कोण होते नाना पाटील?

त्यांचं पूर्ण नाव नाना रामचंद्र पिसाळ. गाव वाळवा तालुक्यातलं येडेमच्छिंद्र. जन्म ३ ऑगस्ट १९०० चा. घराणं पाटीलकीचं, म्हणून आडनाव पाटील रूढ झालं. आज हे गाव सांगली जिल्ह्यात आहे, पण तेव्हा तो सगळा भाग सातारा जिल्ह्यातच होता.

तरुणपणी ते तलाठी झाले. जमीन कुणाच्या नावावर, सारा किती, सावकाराकडे गहाण काय पडलंय, हे तलाठ्याइतकं जवळून कुणाला दिसत नाही. त्यांच्यावर सत्यशोधक चळवळीचा प्रभाव होता. १९३० मध्ये सविनय कायदेभंगाच्या वेळी त्यांनी नोकरी सोडली. पुढच्या काळात त्यांना अनेकदा तुरुंगवास झाला. साध्या रांगड्या बोलीतली त्यांची भाषणं ऐकायला गावंच्या गावं जमायची.

१९४२ मध्ये काय घडलं?

‘चले जाव’ची हाक आल्यावर साताऱ्यात मामलेदार कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. ३ सप्टेंबरला तासगावच्या कचेरीवर तिरंगा फडकला. ९ सप्टेंबरला मात्र वडूजला पोलिसांनी गोळीबार केला, त्यात ९ जण हुतात्मा झाले. दुसऱ्या दिवशी इस्लामपुरातही गोळ्या चालल्या.

निशस्त्र मोर्चांना असं उत्तर मिळाल्यावर कार्यकर्ते भूमिगत झाले. नाना पाटीलही त्यात होते. सरकार नको म्हणायचं, तर त्याच्या जागी काय हा प्रश्न उरत होता. १९४३ पासून त्याचं उत्तर आकाराला आलं: प्रतिसरकार.

गावं एकत्र कशी आली?

एकट्या गावावर पोलीस सहज दडपण आणू शकत होते. म्हणून जवळच्या गावांचे गट केले गेले. कुंडल, वाळवा अशी त्याची केंद्रं होती. किसन वीर, नागनाथअण्णा नायकवडी, जी. डी. बापू लाड, नाथाजी लाड ही मंडळी काम सांभाळत होती. तरुणांची ‘तुफान सेना’ उभी राहिली. नाना पाटलांची मुलगी हौसाताईही या लढ्यात उतरल्या.

कुंडल औंध संस्थानात होतं. औंधच्या राजांनी १९३९ मध्येच प्रजेला स्वराज्याची घटना दिली होती, त्यामुळे भूमिगतांना तिथे आसरा मिळायचा.

लोकांना काय मिळालं?

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे न्याय. एरवी बांधाचं भांडण असलं तरी तालुक्याला हेलपाटे, वकिलाची फी आणि वर्षानुवर्षं तारखा. प्रतिसरकारच्या न्यायदान मंडळांत दोन्ही बाजू गावासमोर मांडल्या जायच्या आणि पंच निकाल द्यायचे. सावकाराकडे अडकलेल्या जमिनी, कर्ज, नवऱ्याने टाकलेल्या बायका असे प्रश्न तिथे यायचे.

महायुद्धामुळे महागाई आणि धान्यटंचाई होती. अशा वेळी साठेबाज आणि काळाबाजार करणाऱ्यांवर वचक बसवला गेला. दरोडेखोरांचा बंदोबस्त झाला, दारूबंदी राबवली गेली. लग्नासाठी कर्ज काढून पिढ्या बुडायच्या, म्हणून कमी खर्चातली ‘गांधी लग्नं’ लावली गेली.

‘पत्री सरकार’ हे नाव कुठून आलं?

‘प्रति’चं बोलीत ‘पत्री’ झालं. गुन्हेगारांच्या पायाला पत्रे ठोकतात, अशी दहशतही त्यातून पसरली. प्रत्यक्षात तळपायांवर काठीचे फटके, ही नेहमीची शिक्षा होती. पैशासाठी सरकारी खजिनेही लुटले गेले. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराची रेल्वे लुटली, १९४४ मध्ये धुळे जिल्ह्यातला खजिना.

हे मार्ग अनेक काँग्रेस नेत्यांना मान्य नव्हते. गांधीजींनी १९४४ मध्ये भूमिगतांना उघडपणे बाहेर येण्याचा सल्ला दिला. साताऱ्याचं काम तरीही थांबलं नाही. मारहाणीच्या शिक्षेचा प्रश्न टाळून हा इतिहास सांगता येत नाही. पण नुसत्या फटक्यांच्या भीतीवर एवढी गावं तीन वर्षं टिकली नसती. घरोघरी भाकरी मिळत होती आणि पोलिसांना ठावठिकाणा मिळत नव्हता. भूमिगत असेपर्यंत नाना पाटील ब्रिटिशांच्या हाती लागले नाहीत.

स्वातंत्र्यानंतर काय?

१९४६ मध्ये प्रांतात निवडून आलेलं सरकार आलं आणि नाना पाटील उघडपणे लोकांसमोर आले. पुढे ते शेतकरी कामगार पक्षात आणि नंतर कम्युनिस्ट पक्षात गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत १९५७ मध्ये साताऱ्यातून, तर १९६७ मध्ये बीडमधून ते लोकसभेवर निवडून गेले. ६ डिसेंबर १९७६ रोजी त्यांचं निधन झालं.

आज हे का आठवायचं?

तहसीलचे हेलपाटे, रेशनचा काटा, बांधाचे दावे हे विषय गावात आजही निघतात. आता दाद मागायला ग्रामसभा आहे, मतदान आहे, लपून राहायची गरज नाही. पण एका गावाचा अर्ज दप्तरात पडून राहतो आणि चाळीस गावं एकत्र आली की साहेबांना उत्तर द्यावं लागतं. नाना पाटलांनी साताऱ्याला हेच दाखवून दिलं होतं.