सोपवलेली सेवा : राजर्षी नाल्वडी कृष्णराज वडियार



म्हैसूर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दसऱ्याची मिरवणूक आणि रोषणाईने उजळलेला राजवाडा उभा राहतो. पुढच्या वेळी तेथे जाल तेव्हा सेंट फिलोमिना चर्चसमोरही क्षणभर थांबा. या चर्चची पायाभरणी १९३३ मध्ये चामुंडेश्वरीच्या एका भक्त राजाने केली. ते राजे म्हणजे नाल्वडी कृष्णराज वडियार. नाल्वडी म्हणजे कन्नडमध्ये चौथे.

चर्चमध्ये वाचल्या जाणाऱ्या बायबलचा पहिला भाग म्हणजे यहुदी लोकांचे प्राचीन धर्मग्रंथ. त्यांतील गणना या पुस्तकात सेवेची सुंदर व्यवस्था आहे. रानातून प्रवास करताना देवाचा निवासमंडप सोबत न्यायचा होता. ईश्वराच्या आज्ञेने मोशेने लेवी वंशातील घराण्यांना कामे वाटून दिली. गेर्षोनाच्या घराण्याकडे पडदे, मरारीच्या घराण्याकडे फळ्या, खांब आणि खुंट्या, तर कहाथाच्या घराण्याकडे पवित्र वस्तू. पहिल्या दोघांना गाड्या आणि बैल मिळाले. कहाथाच्या लोकांना मात्र आपला भार खांद्यावरूनच वाहायचा होता. काम कोणते हे कोणी स्वतः निवडले नव्हते, पण खुंट्या वाहणाराही देवाचाच सेवक होता.

आता म्हैसूरच्या या राजाचे जीवन पाहू या. कृष्णराजांचा जन्म ४ जून १८८४ चा. डिसेंबर १८९४ मध्ये वडील चामराजेंद्र वडियार यांचे कोलकात्यात निधन झाले आणि दहा वर्षांच्या मुलावर राज्याचा भार आला. त्याच धर्मग्रंथांत आठव्या वर्षी गादीवर आलेला योशीया राजा आहे, त्याची येथे आठवण होते. मुलगा सज्ञान होईपर्यंत त्यांच्या मातोश्रींनी, महाराणी केंपनंजम्मण्णी यांनी, राज्य सांभाळले. वैधव्याचे दुःख मनात ठेवून त्यांनी कारभार पाहिला आणि १९०२ मध्ये तो मुलाच्या हाती देऊन त्या शांतपणे बाजूला झाल्या. सेवा स्वीकारावी कशी आणि वेळ येताच सोडावी कशी, हे मुलाने घरातच पाहिले.

पुढची अडतीस वर्षे कृष्णराजांनी राज्य हीच पूजा मानली. १९११ मध्ये कावेरीवरील धरणाचे काम सुरू झाले. १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ स्थापन झाले. पुण्याजवळच्या खडकवासला धरणाचे स्वयंचलित दरवाजे करणारे विश्वेश्वरय्या १९१२ पासून त्यांचे दिवाण होते. मिरजेचे अब्दुल करीम खाँ त्यांच्या दरबारात गात असत. नित्य पूजाअर्चा करणाऱ्या या राजाने १९३१ मध्ये कैलास-मानसरोवराची यात्राही केली.

पण त्यांची खरी परीक्षा वेगळीच होती. सरकारी नोकऱ्या बहुतांशी एकाच समाजाकडे होत्या. इतरांना वाटा कसा मिळेल हे पाहण्यासाठी त्यांनी १९१८ मध्ये मिलर समिती नेमली. विश्वेश्वरय्यांना ही वाट मान्य नव्हती. त्याच वर्षी ते दिवाणपदावरून दूर झाले. एवढा कर्तबगार माणूस दूर जात असतानाही राजांनी पाऊल मागे घेतले नाही.

साधकहो, येथे जरा विचार करा. लेवींना सेवा जन्माने मिळाली आणि कृष्णराजांना राज्यही जन्मानेच मिळाले. ईश्वरी व्यवस्थेचा अर्थ ज्याने त्याने आपल्या जागी गप्प बसावे, असा आपण कधी कधी लावतो. कृष्णराजांनी तसा लावला नाही. जन्माने मिळालेली सत्ता त्यांनी जन्मामुळे दारे बंद झालेल्यांसाठी वापरली. महात्मा गांधींनी त्यांना राजर्षी म्हटले, ते उगीच नाही.

३ ऑगस्ट १९४० रोजी त्यांनी देह ठेवला. कावेरीच्या त्या धरणाचे पाणी आजही शेतांत पोहोचते.

आपल्या वाट्याला कदाचित घरातील आजारी माणसाची शुश्रूषा आली असेल, कदाचित सत्संगातील सतरंज्या उचलण्याचे काम असेल. शेजाऱ्याचे ओझे हलके वाटते म्हणून आपले खाली टाकू नका. आज रात्री झोपण्यापूर्वी स्वतःला एवढेच विचारा, माझ्याकडे सोपवलेल्या सेवेमुळे आज कोणासाठी दार उघडले?