पदवीवाचून विदुषी : मेरी व्हिटन कॉल्किन्स

मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकात आपण एक साधा प्रयोग करतो. कार्डांवरील जोड्या एकामागून एक दाखवायच्या. मग जोडीतील पहिले पद दाखवून दुसरे विचारायचे. वहीत उद्देश, साहित्य, कार्यपद्धती, निष्कर्ष लिहून सरांची सही घेतली की काम संपले! पण ही पद्धत मुळात एका विद्यार्थिनीने आपल्या संशोधनासाठी शोधली आणि त्या संशोधनाची पदवी तिला कधीच मिळाली नाही, हे वाचल्यावर तिचे चरित्र आपल्यापुढे मांडावेसे मला वाटले.

मेरी व्हिटन कॉल्किन्स यांचा जन्म ३० मार्च १८६३ रोजी अमेरिकेतील हार्टफर्ड येथे झाला. वडील धर्मोपदेशक होते. स्मिथ कॉलेजातून १८८५ साली पदवीधर झाल्यावर १८८७ पासून त्या वेलस्ली या मुलींच्या कॉलेजात ग्रीक शिकवू लागल्या. तेथे मानसशास्त्र हा नवा विषय शिकविण्यासाठी त्यांची निवड झाली. मात्र आधी वर्षभर तो विषय शिकून यावे, असे ठरले.

शिकायचे कोठे? हार्वर्ड विद्यापीठ स्त्रियांना प्रवेश देत नसे. वडिलांनी आणि वेलस्लीच्या अध्यक्षांनी विनंती केल्यावर १८९० साली त्यांना वर्गात बसण्याची परवानगी मिळाली, पण विद्यार्थिनी म्हणून नोंद नाही. आमच्या घराण्यातून कॉलेजच्या हजेरीपटावर लागलेले पहिले नाव माझे. त्यामुळे नाव नसताना वर्गात बसणे म्हणजे काय, याचा विचार मनातून जाईना. विल्यम जेम्स यांच्या वर्गातील इतर विद्यार्थी गळाले आणि गुरू व एकच शिष्या उरली. जेम्स यांचा मानसशास्त्रावरील मोठा ग्रंथ त्याच वर्षी निघाला होता. तो त्या खुद्द ग्रंथकर्त्याकडून शिकल्या.

पुढे क्लार्क विद्यापीठाचे एडमंड सॅनफर्ड यांच्याबरोबर त्यांनी स्वप्नांचा अभ्यास केला. रात्री गजराच्या घड्याळाने जागे व्हायचे आणि आठवेल ते लगेच टिपून ठेवायचे! त्यांनी स्वतःची २०५ आणि सॅनफर्ड यांनी १७० स्वप्ने नोंदविली. स्वप्नात बहुधा जागेपणी नुकतीच भेटलेली माणसे व स्थळेच येतात, असे त्यांना दिसले. फ्रॉइड यांनीही आपल्या स्वप्नविषयक ग्रंथात या अभ्यासाचा उल्लेख केला आहे. १८९१ साली त्यांनी वेलस्लीत मानसशास्त्राची प्रयोगशाळा उभी केली.

नंतर हार्वर्डमध्ये ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी स्मृतीवर काम केले. रंग आणि अंक यांच्या जोड्या दाखवून, कशामुळे अंक अधिक आठवतो हे तपासले. ठळकपणा, ताजेपणा यांचा परिणाम होतो. पण सर्वांत प्रभावी ठरते ती पुनरावृत्ती. आपल्या आजीलाही हे ठाऊक असते. पण ठाऊक असणे वेगळे आणि मोजून दाखविणे वेगळे.

१८९५ साली हार्वर्डच्या प्राध्यापकांनी त्यांची डॉक्टरेटची अनौपचारिक परीक्षा घेतली. त्या उत्तम रीतीने उत्तीर्ण झाल्या आणि प्राध्यापकांनी पदवीची शिफारस केली. विद्यापीठाने नकार दिला. कारण एकच, त्या स्त्री होत्या!

१९०२ साली रॅडक्लिफ या हार्वर्डशी जोडलेल्या महिला कॉलेजची डॉक्टरेट त्यांना देऊ करण्यात आली. त्यांनी ती नम्रपणे नाकारली. काम हार्वर्डमध्ये केले, तर पदवी दुसरीकडची का? ती स्वीकारणे म्हणजे स्त्रियांसाठी वेगळे दार मान्य करणे होते.

माझे काही मित्र म्हणतात, की बाईंनी पदवी घ्यायला हवी होती. कागद शेवटी उपयोगी पडतो. मीही पदवीला तुच्छ लेखू शकत नाही. आमच्यासारख्यांच्या घरी त्या कागदावर चूल अवलंबून असते. बाईंना नोकरी होती, हेही खरे. पण त्यांच्या नकाराची किंमत त्यांनीच मोजली आणि कामात खंड पडू दिला नाही. १९०५ साली त्या अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या; १९१८ साली तत्त्वज्ञांच्या संघटनेचेही अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १९२७ साली हार्वर्डच्या माजी विद्यार्थ्यांनी त्यांच्या पदवीसाठी पुन्हा अर्ज केला. तोही फेटाळला गेला. १९२९ साली त्या निवृत्त झाल्या आणि २६ फेब्रुवारी १९३० रोजी निवर्तल्या.

पदवी देणाऱ्याने हात आखडता घेतला, तरी केलेले काम कोणी काढून घेऊ शकत नाही. त्यांची पद्धत आज आपल्या वह्यांत आहे. पुढच्या प्रात्यक्षिकाला जोड्यांची कार्डे हाती येतील, तेव्हा वहीत त्यांचे नावही लिहू या.