हार्वर्डला शिकून आलेल्या आचऱ्याच्या माणसाने कानपूरच्या उन्हात आयआयटी बांधली

एप्रिल लागला की भंडारा जिल्ह्यात शाळा सकाळी भरायला लागतात. कारण दुपारी स्लॅब असा तापतो की पंखा वरची गरम हवाच खाली ढकलत बसतो. मग शाळा-कॉलेज बांधतानाच उन्हाचा हिशेब का करत नाहीत?

तो हिशेब करणारा एक मराठी आर्किटेक्ट होऊन गेला. अच्युत कानविंदे.

जन्म १९१६ चा, कोकणातल्या आचऱ्याचा. दोन वर्षांचे असताना आई गेली. वडील मुंबईत चित्रकला शिकवायचे, स्वतः व्यक्तिचित्रं आणि निसर्गचित्रं काढायचे. मुलगा १९३५ मध्ये जेजेत गेला तो आर्किटेक्चर शिकायला. तिथे विभागप्रमुख होते क्लॉड बॅटली. माणूस इंग्रज, पण इथल्या जुन्या वास्तूंचा अभ्यास केल्याशिवाय भारतात नवीन काही बांधू नये, या मताचा.

पुढे सरकारने कानविंदेंना थेट हार्वर्डला पाठवलं. गुरू कोण, तर बाउहाउसचे संस्थापक वॉल्टर ग्रोपियस. सपाट छपरं, साध्या भिंती, नक्षीकामाला सुट्टी. १९४७ ला परत आल्यावर शांतिस्वरूप भटनागरांच्या सीएसआयआरमध्ये प्रयोगशाळा बांधायचं काम मिळालं. अहमदाबादची 'अटिरा' ही कापड संशोधन संस्था त्यांच्या सुरुवातीच्या कामांपैकी. ती बघितली की हार्वर्ड लगेच ओळखू येतं.

पण बोस्टनजवळचं ऊन आणि आपलं ऊन यात फरक आहेच की! तिकडे खोलीत ऊन यावं म्हणून धडपड, इकडे ते बाहेर राहावं म्हणून.

१९५५ मध्ये त्यांनी शौकत राय यांच्यासोबत दिल्लीत स्वतःची फर्म काढली. आणि चारच वर्षांनी कानपूरला आयआयटी सुरू झाली. पहिले संचालक होते पु. का. केळकर, मुंबईच्या आयआयटीच्या उभारणीत काम करून आलेले. म्हणजे बांधून घेणारा मराठी, बांधणाराही मराठी आणि जागा कुठली, तर मे महिन्यात लू वाहणारं कानपूर. सगळ्या वर्गांना एसी बसवायचा विचारसुद्धा त्या काळात परवडणारा नव्हता. इमारतीनेच सावली द्यायला हवी होती.

कानविंदेंनी इमारती मोकळ्या माळावर लांब-लांब टाकल्या नाहीत. त्या जवळजवळ बसवल्या, मध्ये वाड्यासारखे चौक सोडले. एका विभागातून दुसऱ्यात जायला आच्छादलेले, उंचावरचे रस्ते केले, त्यामुळे पोरं उन्हापावसात सावलीतून चालतात आणि गाड्या बाहेरच्या बाहेर राहतात. कडेच्या व्हरांड्याचा फायदा असा की ऊन तिथेच अडतं, खोलीची भिंत थेट तापत नाही. ग्रंथालयाभोवती पाणी ठेवलं. विटा आणि काँक्रीट उघडंच ठेवलं, म्हणजे दरवर्षी रंगाचा खर्च नको. यातून मे महिना गार होत नाही, हेही खरं. पण सुसह्य होतो.

या अनुभवातून त्यांनी जेम्स मिलर यांच्यासोबत भारतातल्या कॅम्पसच्या आखणीवर पुस्तक लिहिलं, १९६९ मध्ये.

सत्तरच्या दशकात मेहसाण्याच्या दूधसागर डेअरीत तर त्यांनी हवेलाच कामाला लावलं. छतावर उंच धुराडी उभी केली. यंत्रांची गरम हवा हलकी होऊन तिथून वर निघून जाते आणि तिच्या जागी खालून ताजी हवा आत ओढली जाते. याला वीज लागत नाही. गंमत म्हणजे त्या डेअरीची ओळखच ही धुराडी झाली.

१९७४ मध्ये पद्मश्री मिळाली. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्रही त्यांचंच. शाळेच्या सहलीत तुम्ही तिथे गेला असाल, पण नाव कुणी सांगितलं नसेल.

२८ डिसेंबर २००२ ला कानविंदे गेले. त्यांनी कानपूरला बांधलेल्या त्या ग्रंथालयाला आज केळकरांचं नाव आहे.