जॉन पोस्टेल

जोनाथन ब्रूस पोस्टेल (६ ऑगस्ट, १९४३ – १६ ऑक्टोबर, १९९८) हे अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ होते. आंतरजालावरील नावे व क्रमांक यांचा कारभार त्यांनी अनेक वर्षे सांभाळला.

जीवन

पोस्टेल यांचा जन्म कॅलिफोर्नियात झाला. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकत असतानाच ते अर्पानेटच्या उभारणीत सहभागी झाले. १९७४ साली त्यांनी पीएच.डी. मिळवली.

कार्य

प्रारंभी सर्व संगणकांची नावे व पत्ते एकाच फाइलीत नोंदवले जात. संगणक वाढले तशी ही यादी अपुरी पडू लागली. पोस्टेल यांनी सोपवलेल्या कामातून पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली डोमेन नेम सिस्टिम (डीएनएस) रचली. तीत नावांची उतरंड असून प्रत्येक शाखा वेगळ्या सर्व्हरकडे सोपवता येते. लिनक्स संगणकावर एकाच वेळी अनेक व्हीपीएन जोडलेले असताना कोणत्या नावाची विचारणा कोणत्या सर्व्हरकडे करावी, हे ठरवण्यासही हीच उतरंड उपयोगी पडते.

वाद व अखेर

२८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेल यांनी मूळ सर्व्हरांच्या आठ चालकांना आपल्या संगणकाकडून माहिती घेण्यास सांगितले. अमेरिकी शासनाच्या आक्षेपानंतर हा बदल मागे घेण्यात आला. मात्र या व्यवस्थेवर अधिकार कोणाचा, हा प्रश्न ऐरणीवर आला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आयकॅन ही संस्था स्थापन झाली. त्यानंतर काही दिवसांतच, हृदयशस्त्रक्रियेनंतर पोस्टेल यांचे निधन झाले.

याच उतरंडीत २०१४ साली देवनागरीतील '.भारत' हे डोमेन सुरू झाले. त्यामुळे संकेतस्थळाचे नाव मराठीतही नोंदवता येऊ लागले.