कॅनरी पक्षी, हाल्डेन आणि गॅस हीटर

जानेवारी १८९६ मध्ये वेल्समधील टायलर्सटाऊनच्या कोळसा खाणीत स्फोट होऊन ५७ कामगार दगावले. मृतदेह तपासणारे डॉ. जॉन स्कॉट हाल्डेन यांच्या लक्षात आले, की बहुतेकांचा जीव स्फोटाच्या धक्क्याने गेलेलाच नाही. त्यांचे रक्त चेरीसारखे लालगुलाबी झाले होते. ही कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेची खूण.

हाल्डेन १८६० मध्ये एडिंबरोत जन्मले, तिथेच डॉक्टर झाले आणि पुढे ऑक्सफर्डला शरीरक्रियाशास्त्राचे संशोधन करू लागले. गटारांतली, घरांतली, खाणींतली हवा हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. त्याचा परिणाम नोंदवण्यासाठी हाल्डेन यांनी तो स्वतः श्वासातून घेतला. पाय लटपटेपर्यंत, दृष्टी अंधुक होईपर्यंत.

उंदीर आणि लहान पक्ष्यांवर हे विष माणसाच्या बरेच आधी परिणाम करते. म्हणून खाणीत ते सोबत न्यावेत, असे त्यांनी सुचवले. हाल्डेन १९३६ मध्ये वारले; ब्रिटिश खाणींतले कॅनरी पक्षी मात्र १९८६ पर्यंत कामावर होते.

खाणीतला तो वायू घरातही तयार होतो. थंड देशांत गॅसवरच्या हीटरला थर्मोस्टॅट जोडतात आणि निर्धास्त होतात. पण थर्मोस्टॅटला फक्त तापमान कळते. खोली गार झाली, की तो गॅसचा व्हॉल्व्ह उघडायला सांगतो. हवा विषारी झाली तरीही. ज्योत विझल्यास, हीटर अति तापल्यास किंवा धूर माघारी फिरल्यास गॅस तोडणारी साधने वेगळी असतात. थर्मोस्टॅटची वायर त्यांना वगळून थेट व्हॉल्व्हला जोडणे म्हणजे पहारेकऱ्याला घरी पाठवणे. सर्किट एकसर हवे, म्हणजे एका साधनाने नकार दिला तरी गॅस बंद. थर्मोस्टॅट हीटरच्या व्होल्टेजला साजेसा हवा आणि जोडणी प्रशिक्षित तंत्रज्ञाचीच.

आपल्याकडे बंद न्हाणीघरातला गॅस गीझर हाच धोका निर्माण करतो. तो बाहेर बसवावा किंवा त्याचा धूर नळीने बाहेर सोडावा. खिडकी उघडी ठेवावी. अशा वेळी डोके दुखले, मळमळले, गरगरले तर आधी मोकळ्या हवेत यावे, गॅस बंद करावा आणि लगेच रुग्णालय गाठावे. घरात कॅनरीची जागा आता कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मने घेतली आहे. गॅस हीटर असेल, तिथे तो हवाच.