सर जमशेटजी जीजीभाई : विनामूल्य वाटेचा दाता

आपल्या मंदिराच्या पत्रिकेत संतसज्जनांची चरित्रे देण्याचा प्रघात आहे. या अंकी आम्ही ज्या पुरुषाचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत, तो ना संत होता ना हिंदू. तो जन्माने पारशी, व्यवसायाने व्यापारी होता. तरीही त्याचे चरित्र मंदिराच्या पत्रिकेत शोभेल अशी आमची खात्री आहे; कारण वाटसरूची वाट मोकळी करणे हे आपल्या धर्मात फार मोठे पुण्य मानलेले आहे. देवी अहिल्याबाई होळकरांनी देशभर घाट, विहिरी व धर्मशाळा बांधल्या त्या याच बुद्धीने. शिवाय हा पुरुष आपल्याला परका नाही. सचिनहून दक्षिणेकडे जाणाऱ्या गाडीला मरोलीनंतर नवसारी लागते. त्याच नवसारीत त्याचे बालपण गेले.

जमशेटजींचा जन्म मुंबईस १५ जुलै १७८३ रोजी झाला. वडिलांचा कापडाचा धंदा बेताचा होता. जमशेटजी लहान असतानाच कुटुंब नवसारीस येऊन राहिले. नवसारीवर त्या काळी बडोद्याच्या गायकवाडांचा अंमल होता. मुलाला शालेय शिक्षण असे फारसे मिळालेच नाही. वयाच्या सोळाव्या वर्षी, सन १७९९ मध्ये, आईवडील दोघांचेही छत्र हरपले. पोरका झालेला हा मुलगा मुंबईस आपल्या मामांकडे गेला. मामा बाटल्यांचा व्यापार करीत, म्हणून त्यांना बाटलीवाला म्हणत. त्यांच्या हाताखाली जमशेटजी हिशेब शिकले, मोडकीतोडकी इंग्रजी शिकले, आणि त्याच वर्षी चीनच्या सफरीवर निघाले. पुढे सन १८०३ मध्ये मामांची कन्या आवाबाई हिच्याशी त्यांचा विवाह झाला. या माउलीचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. आमच्या कथेचा गाभा तिच्यापाशी आहे.

सन १७९९ ते १८०७ या काळात जमशेटजींनी चीनच्या पाच सफरी केल्या. शिडाच्या जहाजांचे ते दिवस होते. समुद्रावर वादळाचे भय होतेच, त्यात इंग्रज व फ्रेंच यांचे युद्ध चाललेले. सन १८०५ मध्ये जमशेटजी ज्या जहाजावर होते ते फ्रेंचांनी पकडले. सारा माल गेला, आणि कैद झालेल्या प्रवाशांना आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केप ऑफ गुड होप येथे, नेऊन सोडण्यात आले. बावीस वर्षांचा तरुण, अनोळखी किनारा, भाषा परकी, गाठीला पैसा नाही आणि घर हजारो कोस दूर! घरी परतायचे तर जहाजाचे भाडे हवे, आणि तेच नाही. अखेर दुसऱ्या एका जहाजात जागा मिळून ते कलकत्त्यास व तेथून मुंबईस परतले. पकडलेल्या त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा एक तरुण वैद्य होता. पुढे हाच जार्डिन चीनच्या व्यापारातील मोठा धनी झाला, आणि जमशेटजींच्या भरभराटीत त्याच्याशी जडलेल्या या स्नेहाचा वाटा फार मोठा होता.

या भरभराटीविषयी एक गोष्ट आम्ही झाकून ठेवू इच्छीत नाही. जमशेटजींची संपत्ती कापसावर उभी राहिली तशीच अफूवरही उभी राहिली. माळव्याची अफू मुंबईहून चीनला जाई आणि तिने तेथील असंख्य घरे उद्ध्वस्त केली. त्या काळी हा व्यापार कंपनी सरकारच्या आश्रयाने चाले आणि मुंबईतील बहुतेक मोठ्या पेढ्या त्यात होत्या, हे खरे; परंतु म्हणून त्याचा दोष नाहीसा होत नाही. दानाने धनाचा इतिहास पुसला जात नाही, आणि धनाच्या इतिहासाने दानाचे फळही नष्ट होत नाही. दोन्ही गोष्टी जवळजवळ ठेवूनच हे चरित्र वाचले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

धन आल्यावर त्याचा ओघ लोकांकडे वळू लागला. सन १८२२ मध्ये मुंबईच्या दिवाणी तुरुंगात किरकोळ कर्जापायी अडकून पडलेल्या गरीब ऋणकोंची देणी त्यांनी स्वतः भरली आणि त्यांना मोकळे केले. सरकारने गुरे चारण्यावर कर बसविला तेव्हा गोरगरिबांची गुरे फुकट चरावीत म्हणून त्यांनी समुद्रकाठची कुरणे विकत घेऊन दिली, आणि त्यावरून त्या भागास चर्नी रोड हे नाव पडले, असे मुंबईत आजही सांगतात. पुण्यास मुळामुठेवर त्यांच्या द्रव्यसाहाय्याने बांध घातला गेला. त्याच्या काठची बाग बंड गार्डन म्हणून प्रसिद्ध आहे. सन १८४९ मध्ये त्यांनी पारशी समाजाच्या मुलामुलींच्या शिक्षणासाठी जी संस्था स्थापिली, तिच्या शाळा मुंबईप्रमाणे सुरत व नवसारी येथेही निघाल्या. मुंबईचे कलाविद्यालय सन १८५७ मध्ये त्यांच्या १,००,००० रुपयांच्या देणगीतून उभे राहिले. सन १८४२ मध्ये इंग्रज सरकारने त्यांना सर ही पदवी दिली व सन १८५७ मध्ये बॅरोनेट केले. हे दोन्ही मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ होत.

आता आमच्या मुख्य विषयाकडे वळतो.

मुंबई हे तेव्हा बेट होते. उत्तरेस साष्टीचे बेट, मध्ये खाडी. पूर्वेच्या अंगाला शीव येथे सरकारने घातलेला बांध सन १८०३ मध्ये पुरा झाला होता. परंतु त्यावरून जाणाऱ्यांकडून पथकर घेतला जाई, आणि हा कर सन १८३१ पर्यंत चालू राहिला. श्रीमंताच्या बग्गीला त्या कराचे काय ओझे? ओझे होते ते डोईवर भाजीची पाटी घेऊन पायी जाणाऱ्याला. पश्चिमेच्या अंगाला तर तेवढीही सोय नव्हती. वांद्रे आणि माहीम समोरासमोर दिसत, पण मध्ये मिठी नदीचे मुख व खाडीचे पाणी. पलीकडे जायचे तर नावेने. भरतीओहोटी सांभाळावी लागे, नावाड्याला पैसे द्यावे लागत, आणि पावसाळ्यात तर जीव मुठीत धरूनच बसावे लागे. कोळी, भाजीवाले, दूधवाले, मोलमजुरी करणारे, माहीमच्या दर्ग्याला आणि वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेला जाणारे भाविक, साऱ्यांना ही एकच वाट. नावा उलटत आणि माणसे बुडत. एका वादळात वीसएक नावा उलटून अनेक जीव गेले आणि ती वार्ता ऐकून आवाबाईंचे मन कळवळले, अशी कथा परंपरेने सांगितली जाते.

बांध घालण्याची मागणी लोकांनी पुष्कळ केली. परंतु कंपनी सरकारने खर्चाची सबब पुढे केली. तेव्हा आवाबाई पुढे झाल्या. आरंभी १,००,००० रुपये त्यांनी देऊ केले. काम चालू असता पैसा अपुरा पडला, तेव्हा आणखी ५७,००० रुपये दिले. एकूण १,५७,००० रुपयांचे हे दान, आणि तेही त्या काळचे! दान देताना आवाबाईंनी सरकारला एकच अट घातली : या वाटेवरून जाणाऱ्या कोणाहीकडून कधीही पथकर घ्यावयाचा नाही. सन १८४५ मध्ये हा बांध लोकांस खुला झाला. माहीमचा कॉजवे तो हाच. आणि माहीमहून दादरकडे जाणाऱ्या रस्त्याला लेडी जमशेटजी हे नाव आहे ते आवाबाईंचेच.

वाचकहो, या अटीचे मर्म आपण नीट पाहिले पाहिजे. नुसता बांध बांधून दिला असता तरी लोकांनी आवाबाईंचे नाव घेतले असते. परंतु पुढे त्यावर कर बसला असता, तर ज्यांच्यासाठी तो बांधला तेच अलीकडे उभे राहिले असते. वाट असणे निराळे आणि ती आपल्याला परवडणे निराळे. हा भेद या बाईंच्या ध्यानी आला, आणि त्यांनी दानाच्या कागदातच गरिबाची बाजू पक्की करून टाकली. शिवाय ही अट सर्वांसाठी सारखी होती. गरीब कोण, हे ठरविण्यासाठी कोणाला दाखला आणावा लागला नाही की नाक्यावर हात पसरावा लागला नाही. शेठ ज्या वाटेने गेला त्याच वाटेने हमाल गेला, आणि दोघांचीही मान ताठ राहिली. उपकार करताना घेणाऱ्याची लाज राखणे ही दानाची सर्वांत कठीण बाजू होय.

याच सन १८४५ मध्ये आणखी एक गोष्ट घडली. जमशेटजींच्या १,००,००० रुपयांच्या देणगीतून उभारलेले व त्यांचेच नाव धारण करणारे रुग्णालय मुंबईत भायखळ्यास सुरू झाले. पतीचे रुग्णालय आणि पत्नीची वाट एकाच वर्षी लोकांस खुली व्हावी, हा योगायोगच. परंतु त्यात एक मोठा बोध भरलेला आहे. रुग्णालय कितीही चांगले आणि कितीही मोफत असले, तरी ज्याला तेथवर पोहोचताच येत नाही त्याला ते नसल्यासारखेच. औषधाचे दान आणि वाटेचे दान ही एकाच दानाची दोन अंगे होत.

जमशेटजींची दृष्टी पुढच्या काळाकडेही होती. नाना शंकरशेट यांच्यासमवेत त्यांनी मुंबईत आगगाडी यावी म्हणून सन १८४५ पासून खटपट केली. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्यास पहिली गाडी धावली ती त्यांना पाहावयास मिळाली. मात्र आपल्या सचिनवरून जाणारा लोहमार्ग मुंबईस जाऊन मिळाला तो सन १८६४ मध्ये, आणि त्यापूर्वीच, १४ एप्रिल १८५९ रोजी, जमशेटजींनी देह ठेवला होता. नवसारीचा तो पोरका मुलगा मरेपर्यंत सुमारे २,३०,००० पौंड, म्हणजे त्या वेळच्या चलनात वीस लाखांहून अधिक रुपये, लोककार्यास देऊन गेला. परक्या किनाऱ्यावर भाड्यावाचून अडकलेल्या त्या बावीस वर्षांच्या तरुणाची आठवण त्याच्या घरात किती वेळा निघाली असेल, हे कोण सांगणार? परंतु ज्याने स्वतः अडल्याची वेदना भोगली, त्याच्याच घरातून अडलेल्यांसाठी वाट निघाली, एवढे मात्र आपल्या डोळ्यांसमोर आहे.

चरित्र वाचून ठेवून देण्यासाठी नसते, म्हणून दोन शब्द आपल्या गावाविषयी लिहितो. सचिनची औद्योगिक वसाहत वाढली तशी खानदेशातून व महाराष्ट्राच्या इतर भागांतून कितीतरी कुटुंबे पोटासाठी येथे आली. सन २०१४ मध्ये सुरतेत बी. आर. टी. एस. बस सुरू झाली, तीही उधना दरवाजा ते सचिन या बाजूनेच. म्हणजे आज आपल्यापुढे खाडी नाही आणि नावही उलटत नाही. तरीही भाड्याची खाडी आहेच. घरातील आजारी माणसाला सुरतेच्या सिव्हिल रुग्णालयात आठवड्यातून दोनदा न्यायचे, सोबतीला एकाने जायचे, त्या दिवसाची मजुरी बुडवायची आणि वर जाण्यायेण्याचे भाडे द्यायचे, हे रोजंदारीवरच्या घराला जड जाते. मग एक फेरी चुकते, पुढे दुसरी चुकते, आणि औषध फुकट असूनही उपचार तुटतो. शिकणाऱ्या मुलींचेही असेच होते. महिन्याचा पास निघाला नाही की आधी मुलीचे शिक्षण थांबते.

आपल्या सभासद कुटुंबांना आमची विनंती एवढीच आहे. सणावारी आपण मंदिरात जे अर्पण करतो, त्यातील थोडा अंश अशा प्रवासासाठी निराळा काढावा. कोणाच्या शेजारी असा रुग्ण किंवा अशी विद्यार्थिनी असेल, तर तिच्या पासाचे पैसे गुपचूप भरावेत किंवा मंदिराच्या हाती द्यावेत. घेणाऱ्याचे नाव फळ्यावर लिहू नये आणि देणाऱ्याचेही लिहू नये. देवाच्या दारी सुंदर कमान उभी राहावी असे आम्हांसही वाटते. परंतु दर्शनाला येणाऱ्यांपैकी एखाद्याचा उपचार बसभाड्यावाचून थांबला असेल, तर ती कमान थोडी थांबली तरी देव रागावणार नाही.

आवाबाईंनी दीड लाखांहून अधिक रुपये दिले. तेवढी आपली ऐपत नाही, आणि तेवढ्याची गरजही नाही. त्यांच्या मागणीतली अट मात्र आपण सहज घेऊ शकतो : जो अडला आहे त्याला जाऊ द्यावे, आणि जाताना त्याच्याकडून काही मागू नये. इतके साधले तर या थोर दांपत्याचे चरित्र छापल्याचे सार्थक झाले, असे आम्ही समजू.